वय वर्षे एकशे तेरा

बाबा गेल्यावर त्यांच्या दुकानातला संगणक उघडायला थोरलीला पाच आठवडे लागले. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीला आलेली शिलाई मशीनं आणि मधे बाबांना बसता येईल एवढीच फट. मशीनं ज्याची त्याला परत करायची होती. पण कुठलं कोणाचं हे बाबा लिहून ठेवत नसत. चाकावर हात ठेवला की त्यांना गिऱ्हाईक आठवायचं. थोरलीनं तीन मशीनांवर हात ठेवून पाहिला. काही आठवलं नाही. मग फोन नंबर सापडतील या आशेनं तिनं बाबांचे ईमेल उघडले.

त्यांत एक पत्र असं होतं :

‘प्रिय बुधली, आपण आता आमच्यात नाही याचं आम्हांला दुःख आहे. आपल्या स्मृती-खात्याची मुदत आजपासून पन्नास दिवसांनी, संध्याकाळी सहा वाजता संपेल. त्यानंतर आपली ४१२ उत्तरं कायमची काढून टाकली जातील. आपल्या वारसांनी नोंदणी करून संपर्क साधावा.’

थोरलीचं काम मुद्रितं तपासण्याचं. तिची नजर आधी तारखेवर गेली. पत्र बाबा जाण्याच्या आठ दिवस आधी आलं होतं. आणि ते उघडून वाचलेलं होतं.

बुधली म्हणजे बाबाच. मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. कोणीही यावं, विचारावं, सांगावं. नाव-गाव कोणी विचारत नसे, म्हणून बाबांनी समोर दिसली ती तेलाची बुधली नाव म्हणून लावून टाकली. जन्मतारखेच्या रकान्यात काहीतरी भरणं भाग होतं, तिथे त्यांनी आपल्या आवडत्या काळ्या मशीनची तारीख घातली. मशीनच्या पायावर क्रमांक असतो, त्यावरून ते कारखान्यातून कधी निघालं हे कळतं. बाबा म्हणायचे, “खोटं कुठे आहे? जन्मतारीख विचारली, दिली. कोणाची ते विचारलं नाही.”

तीन वर्षांपूर्वी कट्टा एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला आणि दाराला कुलूप लावलं. आता आतलं एक अक्षर वाचायचं तरी नोंदणी सक्तीची : नाव, मोबाइल, ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याचा फोटो. जुन्या सदस्यांची तपासणी झाली, तेव्हा बुधली यांचं वय एकशे दहा भरलं. कंपनीच्या यंत्रानं त्यांना परस्पर मृत ठरवलं आणि कळवलं, की हयात असाल तर ओळखपत्र पाठवा.

“जिवंत असल्याचा दाखला मी यांना देऊ?” बाबा म्हणाले होते. “मेलो तर मेलो. मेलेल्या माणसाला जाहिराती तरी पाठवणार नाहीत.”

आणि आपली चारशे बारा उत्तरं आत टाकून ते बाहेर राहिले ते राहिलेच.

थोरलीनं त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. कट्टा उघडा होता तेव्हा तिला वेळ नव्हता. परक्या लेखकांची पानंच्या पानं ती स्वल्पविरामासकट वाचायची, आणि घरी तासन्‌तास गप्प बसणारा आपला बाप एका बोटानं टाइप करत चारशे बारा वेळा लोकांशी काय बोलला, हे ‘वाचू कधीतरी’ या ढिगात पडून होतं. तिनं दिवस मोजले. सात उरले होते.

पहिले दोन दिवस तिनं कुलूप न उघडता आत शिरायचा प्रयत्न केला. दहा मिनिटांत मरून जाणारा ईमेल पत्ता मिळतो असं तिनं वाचलं होतं, तो घेतला. कट्ट्यानं सांगितलं, हा पत्ता चालणार नाही. लोक एकमेकांना वापरायला देतात ते पासवर्ड एका यादीत सापडले, ते घालून पाहिले. सगळे बाद. पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं एक ठिकाण होतं, तिथे कट्ट्याचं फक्त पहिलं पान निघालं, त्यावर ‘आपलं स्वागत आहे’. शोधयंत्रात बुधलीचं नाव घातलं तर एक ओळ अर्धवट दिसली : ‘आधी दोरा काढून टाका आणि मशीनला दोष देणं थां…’ पुढे वाचण्यासाठी नोंदणी करा.

त्या तुटलेल्या शब्दाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. चारशे बारापैकी एवढं हाती आलं होतं.

तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ दुकानात आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“दोन दिवस? ताई, दोन मिनिटांचं काम आहे हे. बघ.” त्यानं फोन काढला, नाव भरलं, नंबर भरला, ओळखपत्राचा फोटो टाकला, फोन तोंडासमोर धरून यंत्र सांगेल तशी मान डावीकडे-उजवीकडे वळवली. “झालं. माझं काय झिजलं?”

“फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागत होते. दिलीस?”

“दिली असेल. मी वाचत नाही ते.”

“माझा नंबर आहे त्यात.”

“तुझा नंबर घेऊन काय करणारेत? तू दुकानदाराला नाव सांगतानासुद्धा विचार करतेस.”

कट्टा उघडला. धाकट्यानं बुधलीचा शोध घेतला. प्रश्न दिसले, विचारणाऱ्यांची नावं दिसली, खाली लोकांचे शेरे दिसले. मधे जिथे बुधलीचं उत्तर असायला हवं तिथे एक राखाडी चौकोन होता. ‘खातेदाराच्या पडताळणीअभावी हा मजकूर झाकला आहे.’ पुढचा प्रश्न, पुढचा चौकोन. धाकटा अंगठ्यानं पानं सरकवत राहिला. चौकोन, चौकोन, चौकोन.

“च्यायला,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नव्या शिलाई मशीनवर खास सवलत होती.

चौथ्या दिवशी थोरलीनं मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई आल्या.

“खातेदाराशी आपलं नातं, मॅडम?”

“मुलगी.”

“खातेदाराचं वय एकशे तेरा दिसतंय. आपलं?”

“बेचाळीस.”

पलीकडे कळफलकाचा खडखडाट. बाई वजाबाकी करत असाव्यात.

“ते मशीनचं वय आहे,” थोरली म्हणाली.

“कुठल्या मशीनचं?”

“शिलाईच्या.”

“बरं,” बाई सावधपणे म्हणाल्या. “मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे.”

“खात्यावरचं नाव बुधली आहे.”

“मग बुधली यांचा दाखला लागेल.”

“बुधली नावाचं कोणी मेलेलं नाही हो. बुधली तेल घालायची असते.”

“पण आमच्याकडे ते मृत म्हणूनच नोंदलेत, मॅडम.”

“तुम्ही नोंदवलेत. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा ते इथे बसून काम करत होते.”

“त्या वेळी त्यांनी हयात असल्याचा पुरावा द्यायला हवा होता.”

थोरलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. बाबा खरोखरच गेले होते आणि ते तिला सिद्ध करता येत नव्हतं; जो कधी जन्मलाच नाही तो मात्र यांच्या दप्तरी रीतसर मेला होता.

“दुसरा काही मार्ग?”

होता. बाबांचं खरं ओळखपत्र, बाबांचा खरा दाखला, थोरलीचं ओळखपत्र, तिच्या चेहऱ्याचा फोटो, आणि बुधली व हे गृहस्थ एकच होते असं तिच्या सहीचं निवेदन. हे सगळं चढवलं की तासाभरात चौकोन उघडतील.

“ही कागदपत्रं तुमच्याकडे किती दिवस राहतील?”

“धोरणाप्रमाणे, मॅडम.”

“कोणाला दाखवली जातील?”

“फक्त आमच्या भागीदारांना.”

“ते कोण?”

“तेही धोरणात दिलंय.”

“आणि धोरण कुठे वाचायला मिळेल?”

“नोंदणी केली की लगेच दिसेल,” बाई म्हणाल्या. त्यात त्यांना काही विनोदी वाटलं नाही. “आणखी काही मदत करू शकते का?”

फोन ठेवल्यावर लगेच संदेश आला : आमच्या सेवेला किती तारे द्याल?

धाकट्यानं त्याच संध्याकाळी सगळी कागदपत्रं आपल्या फोनवर गोळा केली. निवेदनाचा मसुदाही केला. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. थोरलीनं त्या दुरुस्त केल्या आणि कागद सही न करता परत दिला.

“आता काय अडलं?”

“माहीत नाही. थांब जरा.”

“तीन दिवस उरलेत आणि थांब म्हणतेस? ताई, बाबा गेलेत. त्यांची आता कसली माहिती चोरणार? गेलेल्या माणसाला कोण फोन करणार?”

“आईला केले होते,” थोरली म्हणाली.

धाकट्यानं फोन खिशात ठेवला. तो त्या वर्षी परगावी होता. त्यानं फक्त ऐकलं होतं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा वर-खाली होणारा पलंग भाड्यानं हवा होता. एका वेबसाइटवर मिळत होता, पण किंमत पाहायची तरी आधी फॉर्म भरायचा. तो थोरलीनं भरला. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, वजन, आजार, आजाराचा टप्पा, डॉक्टरचं नाव. एकही रकाना तिनं रिकामा सोडला नाही. अपुरं काम तिला कधी जमलंच नाही. फोन नंबर बाबांचा दिला, कारण तेच घरी असत. पलंग आला. अकरा दिवसांनी आई गेली. पलंग परत गेला.

मग फोन सुरू झाले. पेशंटची तब्येत कशी आहे, चाकाची खुर्ची लागेल का, रात्रीची नर्स हवी का. एकीनं तर आईचं नाव घेऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि वजनात काही फरक पडला का ते विचारलं. बाबा स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून उभ्यानं ऐकत, आणि प्रत्येकाला म्हणत, “त्या नाहीत.” पलीकडचे विचारत, “मग केव्हा येतील?” हे वर्षभर चाललं. तो फॉर्म कोणी भरला होता हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही. फक्त त्यानंतर कुठल्याही वेबसाइटला त्यांनी खरं नाव सांगितलं नाही, आणि बुधलीला ओळखपत्र मागितलं तेव्हा ते बाहेर पडले.

“तो फॉर्म तू मुद्दाम भरला होतास का?” धाकटा म्हणाला. “आईला पलंग हवा होता. भरलास. आताही तसंच आहे.”

“हो. तसंच आहे,” ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिनं कामावर रजा टाकली. दुपारी दोनला धाकटा आला. काउंटरवर त्याचा फोन, शेजारी तिची वही. कागदपत्रं फोनवर तयार होती. तिची सही आणि ‘चढवा’ लिहिलेलं निळं बटण, एवढंच बाकी होतं. तासभर लागतो म्हणाल्या होत्या बाई, म्हणजे पाचपर्यंत मुभा. तोवर प्रश्न तरी उतरवून घेऊ, असं थोरली म्हणाली. धाकट्याचा अर्थात आक्षेप होता. उत्तराशिवाय प्रश्न घेऊन काय त्याचं लोणचं घालायचंय? पण तो वाचू लागला.

“‘खालचा दोरा सारखा तुटतो, काय करू?’ चौकोन. खाली लिहिलंय, ‘आजोबा, तुम्ही म्हणालात तसं बॉबिन उलटं बसवलं होतं. लाज वाटते. सुरू झालं.’”

थोरलीची पेन्सिल थांबली. “पुन्हा वाच.”

त्यानं वाचलं. मग पुढचा. “‘मशीन फार आवाज करतं.’ चौकोन. ‘बुधलीकाका, कान लावून ऐकलं. आवाज मशीनचा नव्हता, टेबलाचाच होता. तुमच्या शिव्या गोड लागल्या.’”

चौकोन झाकले होते, पण चौकोनांखालचे लोक बोलत होते. फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं तसं. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून गिऱ्हाइकाला नवीन घ्या म्हटलं नाही.’ ‘दाते घासायला जुना दातांचा ब्रश, हे कुठल्या पुस्तकात नाही.’ ‘एवढं सविस्तर लिहीत जाऊ नका हो, बोट दुखेल.’ ‘एकशे सात वर्षांच्या माणसाला एवढं दिसतं कसं?’ धाकटा हसू लागला. वाचता वाचता तो बाबांसारखा घसा खाकरू लागला, आणि थोरलीनं त्याला ते लक्षात आणून दिलं नाही.

कट्ट्याला मात्र हा वाचण्याचा वेग पसंत पडेना. दर दहा पानांनी तो विचारी, आपण यंत्र तर नाही ना? मग धाकट्यानं चित्रांतले पूल ओळखायचे. एकदा त्यानं पाइपला पूल म्हटलं आणि पाच मिनिटं दार बंद. दोनदा चेहरा पुन्हा दाखवावा लागला. मधेच मशीनवाल्यांचा फोन, मग विमावाल्यांचा. धाकटा चिडून म्हणाला, “अरे, वाचू तर द्या!” हे तो कोणाला म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पावणेपाचला त्यानं एक प्रश्न अर्धा वाचला आणि थांबला.

“वाच ना.”

“‘टाके मधेच गळतात. घाई नाही. तुम्ही मागे लिहिलं होतंत की घरी बाई आजारी आहेत. आता कशा आहेत?’”

खाली चौकोन होता. इतर चौकोनांपेक्षा बराच उंच, पडदाभर. धाकट्यानं अंगठा फिरवला, फिरवला, तेव्हा कुठे तो संपला. तारीख पलंग परत गेला त्या आठवड्यातली होती.

त्या आठवड्यात बाबा घरात एक वाक्य बोलले नव्हते. थोरली समोर जाऊन बसली होती, दोनदा. बाबांनी विचारलं होतं, चहा झाला का. बस्स.

“ताई.” धाकट्याचा आवाज बदलला होता. “पाचला बारा कमी आहेत. दाबतो मी.”

तिनं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

“आईबद्दल लिहिलंय त्यांनी. एवढं लिहिलंय. तुला नाही वाचायचं?”

“वाचायचंय.”

“मग?”

मला वाचायचंय, पण ते त्यांनी आपल्याला लिहिलं नाही, असं तिला म्हणायचं होतं. ज्याला लिहिलं त्याला ते कोण हे माहीत नव्हतं, म्हणून तर ते लिहू शकले. आता तिनं सही करून सांगायचं होतं, की हे बोलणारा माणूस अमुक, ही त्याची जन्मतारीख, हा त्याचा चेहरा, हा त्याच्या बायकोचा आजार. ठेवून घ्या, भागीदारांना दाखवा. पुन्हा एकदा सगळे रकाने नीट भरून. पण यातलं काही तिला सलग बोलता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “त्यांनी पत्र वाचलं होतं. पन्नास दिवस आहेत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ओळखपत्र नाही पाठवलं.”

“त्यांना काय माहीत होतं आठ दिवसांत जाणारेत ते!”

“नव्हतं माहीत. तरी नसतंच पाठवलं.”

“तुझा हट्ट आहे हा. बाबांचा नाही. तुझा.”

“असेल.”

धाकट्याचा अंगठा निळ्या बटणावर होता. फोन त्याचा, बाप त्याचाही. त्यानं दाबलं असतं तर तिला त्याला काही म्हणता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला वाटलं, दाबू दे. म्हणजे वाचायला मिळेल आणि पाप त्याचं. पण निवेदनावर सही नव्हती. सहीसाठी त्यानं फोन तिच्यापुढे सरकवला. तिनं वहीवरचा हात उचलला, पडद्यापर्यंत नेला, निवेदन बाजूला सारलं आणि उंच चौकोनाखाली काय आहे ते पाहायला पान खाली सरकवलं.

विचारणाऱ्यानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘वाचलं. दोनदा वाचलं. मशीनचं नंतर विचारतो.’

तिनं त्या वहीत उतरवून घेतल्या. ‘दोनदा’ हा शब्द तिनं नीट लिहिला, मग फोन धाकट्याकडे परत सरकवला.

“पुढचा प्रश्न वाच,” ती म्हणाली. “तास आहे अजून.”

तो उठला. दारापर्यंत गेला, मशीनांच्या रांगेकडे तोंड करून उभा राहिला, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दोन शिव्या घातल्या. मग परत येऊन बसला आणि रागारागानं वाचू लागला, भराभर, एकाही शब्दावर न थांबता. ती लिहीत राहिली. एकदा पूल ओळखावे लागले, एकदा चेहरा. सहाला एक मिनिट कमी असताना ते एकशे सदतिसाव्या प्रश्नावर होते. कोणीतरी विचारलं होतं, चाक जड का फिरतं. पान हललं, पांढरं झालं आणि त्यावर अक्षरं आली : आपण शोधत असलेला मजकूर उपलब्ध नाही.

“दोनशे पंचाहत्तर राहिले,” धाकटा म्हणाला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. “आयुष्यभर म्हणेन मी तुला.”

“म्हण.”

त्याचा फोन वाजू लागला. अनोळखी नंबर. त्यानं उचलला, पलीकडचं नाव ऐकून घेतलं, आणि ‘आपलं नाव?’ असं पलीकडून विचारल्यावर, ते सांगण्याआधी, पहिल्यांदाच क्षणभर थांबला.